हंड्यातली माळ

विनोदी सिनेमा बघून मला हसू येत नाही. तरीही शहाण्णव साली आमच्या मंडळाने दर महिन्याच्या सिनेमाचं काम माझ्या गळ्यात घातलं, कारण सगळ्यांत चांगला व्हीसीआर माझ्याकडे होता. मी फार्मसिस्ट. आठवडाभर दुकानात लोकांचे खोकले ऐकायचे आणि रविवारी इथे परदेशात, सँडरिंगहॅमच्या भाड्याच्या हॉलमध्ये, पन्नास-साठ मराठी माणसांना गप्प बसवायचं, म्हणजे कामात फारसा फरक नव्हता. आमच्या मंडळींना सिनेमा हवा असतो तो एकमेकांना भेटायला, आणि एकदा भेटले की सिनेमाच्या आवाजाचा त्यांना त्रास होतो.

जुलैतल्या एका शनिवारी मी मोहनभाईंच्या दुकानात गेलो. मोहनभाई पुढे किराणा विकायचे आणि मागच्या खोलीत कॅसेटी भाड्याने द्यायचे. एक मराठी कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. ते जाताना खोकंभर कॅसेटी मोहनभाईंकडे टाकून गेलं होतं.

"तुमच्या लोकांच्या आहेत. घेऊन जा, माझी जागा अडलीय," मोहनभाई म्हणाले.

खोक्यात दोन लग्नं होती, एक मुंज होती आणि तळाशी एक कॅसेट होती, तिच्यावर बॉलपेनने 'हंडा हलला' असं लिहिलेलं होतं. मी ती हातात घेऊन तुरीच्या डाळीच्या पोत्यांपाशी बराच वेळ उभा राहिलो. एक बाई दोनदा 'सॉरी' म्हणाल्या, तेव्हा बाजूला झालो.

हे नाव माझ्या सासरी कुणी उच्चारत नसे. मला ते लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. माझी बायको सुनीता हॉस्पिटलात नर्स आहे, रक्त बघून तिला काही वाटत नाही, पण ही हकीकत सांगायच्या आधी तिने उठून दार लावलं होतं.

त्रेसष्ट साली तिच्या आईवडिलांच्या गावी, कृष्णाकाठच्या नांदगिऱ्यात, या सिनेमाचं शूटिंग झालं. गोष्ट अशी की पोलीस चौकीच्या कोठडीखाली सोन्याचा हंडा पुरलेला असतो. तो काढायचा तर कोठडीत शिरायला हवं, म्हणून गावातले तीन भुरटे काही ना काही करून स्वतःला अटक करून घेतात आणि रात्री आतून खणतात. चौकीचा हवालदार गुन्हे वाढले म्हणून आधी खूश होतो आणि मग स्वतःच चौथा भागीदार होतो. सिनेमा पुण्यात एक आठवडा चालला, कोल्हापुरात तीन दिवस, आणि नंतर तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

कंपनी कडकी होती. खजिन्यासाठी आणलेले बेगडी दागिने कॅमेऱ्यात चमकेनात. तेव्हा दिग्दर्शकाने कंपनीच्या माणसाला ताट देऊन गावात दारोदार पाठवलं: एका दृश्यापुरते तुमचे दागिने द्या, दुपारी परत. लग्नकार्याला शेजारची पातेली मागून आणतात, तसंच हे गावाला वाटलं. बायकांनी आपापल्या दागिन्याला खुणेचे दोरे बांधले आणि ताटात ठेवले. माझ्या सासूबाईंनी, वसुंधराबाईंनी, पुतळ्यांची माळ दिली. ती त्यांच्या सासूच्या मागे त्यांच्याकडे आलेली होती. मधली एक पुतळी पूर्वी कधीतरी हरवली होती आणि सोनाराने तिथे पिंपळपान बसवलं होतं, त्यामुळे तशी माळ पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

दृश्य झालं. बाकीच्या बायका घाटावर जाऊन आपापलं ओळखून घेऊन आल्या. सासूबाई गेल्या नाहीत. मास्तरांच्या घरच्या सुनेने सिनेमावाल्यांच्या घोळक्यात जाऊन दागिना मागायचा, हे त्या घरात बसणारं नव्हतं. ताट घेऊन न्यायला आले तसे ताट घेऊन द्यायला येतील, असं धरून त्या सहा महिन्यांच्या सुनीताला मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिल्या. कुणीही आलं नाही. संध्याकाळी पोरं सांगत आली की हवालदाराने नावेतून माळ डोहात फेकली. गावाने ते पाहिलं होतं, हसलं होतं, आणि ती माळ बेगडी आहे असंच सगळे धरून चालले होते. शूटिंग बघायला गेलेल्या माणसाला तिथलं सगळं खोटंच दिसतं.

माझे सासरे, दीनानाथ मास्तर, म्हणजे आमचे अण्णा, तेव्हा साताऱ्याला ट्रेनिंगला होते. ते त्याच संध्याकाळी परतले. सकाळी कंपनीच्या मॅनेजरला जाऊन भेटले तर तो सामान बांधत म्हणाला, "ज्याचं त्याला दिलं हो मास्तर. घरात विचारा." त्याच महिन्यात सासूबाईंच्या भावाने कऱ्हाडला सायकलचं दुकान काढलं होतं. अण्णांनी दोन्ही गोष्टी एकाशेजारी एक ठेवल्या आणि निकाल लावला. ते ओरडले नाहीत, हात उगारला नाही. फडताळाच्या किल्ल्या बायकोच्या कमरेच्या काढून आपल्या जानव्याला अडकवल्या. भाऊबीजेला भाऊ आला तेव्हा त्याला पाटावर बसवून विचारलं, "काय, भांडवल पुरलं ना?" तो पुन्हा त्या घराची पायरी चढला नाही. चौऱ्याऐंशी साली तो गेला. सासूबाई एकट्या तेराव्याला जाऊन आल्या.

मला वाटायचं, दिली असेल भावाला. आणि दिली असेल तर बरंच केलं, असंही वाटायचं. इतकंच नव्हे, तर दहा वर्षं ही हकीकत मी मित्रांना मजा म्हणून सांगत आलो होतो: आमच्या सासूबाईंचा दागिना सिनेमावाल्यांनी बुडवला म्हणे. लोक हसायचे. मोहनभाईंच्या दुकानात कॅसेट हातात आली तेव्हा मला पहिल्यांदा या गोष्टीची लाज वाटली. कारण सासू-सासरे दोघंही त्या वेळी सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याच घरात राहत होती.

घरी जाऊन मी कॅसेट जेवणाच्या टेबलावर ठेवली. लपवण्याइतका मी धूर्त नाही. अण्णांनी पेपर खाली केला, नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे इथे कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"मोहनभाईंकडून. अजून पाहिली नाही मी."

आई, म्हणजे सासूबाई, कणीक मळत होत्या. त्या हात न धुता बाहेर आल्या. माझ्या मुलीने, नऊ वर्षांच्या ऋग्वेदाने, मध्येच तोंड घातलं, "आजी, आर यू इन इट? लाइक, अ रिअल मूव्ही?"

"मी नाही गं. माझा दागिना आहे," आई म्हणाल्या.

"स्वीट ॲज!" म्हणजे 'मस्तच!', असं म्हणून ती टीव्हीकडे परत गेली.

सुनीता म्हणाली, "गुरू, आधी आपण घरात बघून घेऊ या."

"नको. उद्या मंडळात लावा," आई म्हणाल्या.

"अगं आई, फिल्म कुठे कापलेली असेल, कुठे पुसलेली असेल. त्यात काही दिसलंच नाही तर?"

"तर नाही दिसलं. मला चोर ठरवलं ते काही चार भिंतींत नाही ठरवलं. नांदगिऱ्यात पाणवठ्यावरच्या बाईलासुद्धा ठाऊक होतं. आता हे एवढं गाव आहे ना तुमचं, त्याच्यासमोर बघू."

"मी तुला चोर कधी म्हटलं नाही," अण्णा म्हणाले.

"शब्द नाही वापरलात तुम्ही."

अण्णांनी पेपरची घडी घातली. "आणि माळ दिसली नाही तर?"

"तर तुमचं खरं," आई म्हणाल्या आणि पुन्हा कणकेकडे वळल्या.

एरवी मी प्रत्येक कॅसेट आधी तपासतो; एकदा भक्तिपटाच्या कॅसेटमध्ये मध्येच कुस्त्या निघाल्या होत्या. ही मी तपासली नाही. माळ नसेल तर ते मला आदल्या दिवशी कळायला नको होतं.

रविवारी दोन वाजता हॉल भरला. जुलै म्हणजे इथला हिवाळा, हॉलमध्ये कडाक्याची थंडी होती आणि हीटर एकच होता, त्यामुळे सगळ्यांनी खुर्च्या त्याच्या बाजूला ओढल्या होत्या. आई हिरव्या साडीवर सुनीताचं जाकीट घालून, पायमोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून दुसऱ्या रांगेत बसल्या. अण्णा पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन बसले. तिथून टीव्ही जवळ होता. आमचे अध्यक्ष, डॉक्टर शंतनू, यांनी प्रास्ताविक केलं. त्यांनी सिनेमाचं नावही ऐकलेलं नव्हतं, तरी दहा मिनिटं बोलले.

कॅसेट कॉपीची कॉपी होती. माणसांचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसत होते. शिवाय कुणीतरी ती दुबईत भरलेली असावी, कारण दर काही मिनिटांनी पडद्याच्या तळाशी तिथल्या शिवणयंत्रांच्या दुकानाची जाहिरात उजवीकडून डावीकडे सरकत जाई. पण सिनेमा चांगला होता, हे मला कबूल केलं पाहिजे. पहिला चोर अटक व्हावी म्हणून हवालदाराची सायकल चोरतो, तर हवालदार त्याला सायकल परत आणून दिल्याबद्दल चहा पाजतो. दुसरा स्वतःच्याच सासऱ्याला आपल्यावर फिर्याद करायला लावतो. तिसऱ्याला कुणी पकडतच नाही, तो बिचारा कोठडीच्या दाराशी येऊन रडतो. हॉल खिदळत होता. आईंकडे पाहिलं तर त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेहतीस वर्षं ज्याच्यापायी भोगलं, तो सिनेमा त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मध्यंतर आम्ही पुढे ढकललं. समोसे गार झाले तरी कुणी उठेना.

मग कोठडीतली फरशी उचकटली गेली आणि हंडा वर आला. चौघं त्याच्याभोवती उकिडवे बसले. हवालदाराने झाकण काढलं, कॅमेरा खाली गेला, आणि नेमकी त्याच क्षणी शिवणयंत्रांची पट्टी सुरू झाली. हंड्याचं तोंड आणि आतलं सगळं तिच्याखाली गेलं. मला दुबईतल्या त्या दुकानदाराचा इतका राग आला की मी रिमोट खुर्चीवर आपटला. पुढच्या रांगेत अण्णा टीव्हीकडे वाकले. पट्टी सावकाश सरकत गेली, फोन नंबर आला, फोन नंबर गेला. पट्टी संपली तेव्हा कॅमेरा वर आला होता.

हवालदाराने हंड्यात हात घातला आणि एक माळ काढून स्वतःच्या गळ्यात घातली. पाण्याच्या लोट्यात वाकून स्वतःचं रूप पाहिलं, मान मुरडली आणि नव्या नवरीगत लाजला. हॉलमध्ये हशा उसळला. त्याच्या युनिफॉर्मच्या पोटावर पुतळ्या होत्या आणि पुतळ्यांच्या मधोमध पिंपळपान होतं.

"थांबवा!" अण्णा ओरडले.

मी बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं, जरासं थरथरत. अण्णा उठले आणि टीव्हीपाशी गेले. चष्मा काढला, नाक काचेला लागेल इतके जवळ वाकले आणि बोट ठेवून एकेक पुतळी मोजल्यासारखं करत पिंपळपानाशी आले. तिथे बोट थांबलं. हशा विरला. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं? बरं नाही का त्यांना?" आणि तीन डॉक्टर एकदम उठले. अण्णांनी त्यांना हाताने खाली बसवलं.

त्यांचा आवाज हेडमास्तरांचा, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "ही माळ माझ्या आईची," ते म्हणाले. "खरी. सोन्याची. माझ्या पत्नीने ही सिनेमावाल्यांना दिली असं तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, तू भावाला दिलीस. तेहतीस वर्षं मी तसंच म्हणत आलो. तोंडाने नाही, पण म्हणत आलो." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं, आणि पन्नास-साठ माणसं त्यांच्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, "ती खरं बोलत होती."

 सुनीता रडत होती. मी उगाचच वायरी तपासू लागलो.

"बसा आता," आई मागून म्हणाल्या. "गुरुनाथराव, लावा पुढे. लोक खोळंबलेत."

मी बटण दाबलं. आता कोडं राहिलं नव्हतं. पात्राच्या गळ्यात एका दृश्यात जे आलं ते पुढच्या दृश्यातही असावं लागतं, म्हणून हवालदाराची माळ कपड्यांबरोबर कंपनीने ठेवून घेतली होती. मागायला कुणी गेलं नाही, म्हणून ती कंपनीचीच ठरली. कदाचित कुणी लबाडी केलीही नसेल. माळ शेवटपर्यंत त्याच्या गळ्यात होती: हंडा नावेत चढवताना, वाटणीवरून भांडताना, नावेला भोक पडल्यावर टोपीने पाणी उपसताना. शेवटी हंडा कलंडून डोहात गेला. चोर हवालदारावर धावून गेले, तर त्याने गळ्यातली माळ काढली, एकदा डोळ्यांना लावली आणि "घे बाई, तुझंच होतं!" म्हणत नदीत भिरकावली. उन्हात ती एकदा चमकली. खरोखर चमकली, बाकीच्या कुठल्याच दागिन्यासारखी नव्हे.

हॉलमध्ये कुणी हसेना. आता हसावं की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

आणि आई हसल्या. खळखळून, खुर्चीचा हात धरून. "गेली!" त्या म्हणाल्या. "अगंबाई, कशी फेकली बघा मेल्याने!" त्यांचं हसू थांबेना, तेव्हा शेजारच्या बाई हसल्या, मग रांग हसली, मग सगळेच. अण्णा तेवढे मान खाली घालून बसून होते.

गाडीत ऋग्वेदा म्हणाली, "दॅट वॉज हीप्स सॅड, आजोबा," म्हणजे फारच वाईट झालं.

घरी आल्यावर सातच्या सुमारास आई भाजी निवडायला बसल्या. अण्णा त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. मी आणि सुनीता स्वयंपाकघरात होतो. ते घर असं होतं की कुठूनही सगळं ऐकू येई.

"वसू, तू पुन्हा का नाही सांगितलंस? भांडायचंस माझ्याशी."

"सांगितलं होतं की. तुम्ही साताऱ्याहून आलात, चपला काढत होतात, तेव्हाच सांगितलं. तुम्ही एक चप्पल हातात घेऊन ऐकलंत सगळं."

"एकदाच."

"खरं किती वेळा सांगायचं असतं?"

अण्णा मग म्हणाले, "चुकलो मी."

"बरं."

"बरं काय? काहीतरी बोल. शिव्या दे."

आईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "हे बघा, माझ्याबरोबर तुम्ही नीट राहिलात. दुखण्याखुपण्यात जागलात, पोरीला शिकवलंत. माझं मी केव्हाच उरकलं. दादाचं काय?"

"दादा आता कुठे आहे?"

"वहिनी आहे. दुपारची दुकानात तीच बसते. सुनीता, कऱ्हाडला आत्ता किती वाजले असतील?"

"साडेबारा," सुनीता दारातून म्हणाली.

"नंबर मला पाठ आहे. गुरुनाथराव, जरा लावून द्याल?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना वाचवावं, लाइन बिघडलीय म्हणून सांगावं, असं त्या नजरेत होतं. मी लावला. त्या माणसाची मला तेव्हा फार कीव आली, तरी लावला. तिकडे रिंग वाजू लागल्यावर रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. ते उभे राहिले. मास्तर माणूस, बोलायचं म्हणजे उभं राहून.

वहिनींचा आवाज खणखणीत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "हॅलो, कोण?"

"मी दीनानाथ बोलतोय."

"कोण दीनानाथ?"

अण्णांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, कोण दीनानाथ? मोठ्याने बोला, रस्त्यावर ट्रक आहे. सायकल टाकली होती का तुम्ही दुरुस्तीला?"

अण्णांनी आईंकडे पाहिलं आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. आईंनी तो घेतला नाही.

"मी..." अण्णा फोनमध्ये म्हणाले, "मी वसूचा नवरा."

पलीकडे ट्रक गेला असावा, कारण तिथे एकदम शांत झालं. वहिनींनी काही विचारलं नाही, फोनही ठेवला नाही. अण्णा तसेच उभे होते. 

"बोला," आई म्हणाल्या. "ती ऐकतेय."